हम्बोल्टचा भुसा आणि वीज विकत घेणारी गावं

ओंडका गोल असतो आणि फळी चौकोनी. लाकूडगिरणीतल्या सगळ्या कचऱ्याचा उगम या साध्या भूमितीत आहे. आधी ओंडक्याची साल सोलतात, मग चारी बाजूंच्या कडा निघतात. करवतीच्या प्रत्येक फेरीला भुसा पडतो, रंधा मारताना ढलप्या उडतात. गिरणीत आलेल्या लाकडापैकी साधारण निम्मंच फळ्या आणि वासे होऊन बाहेर पडतं, उरलेलं तिथेच साठत राहतं. स्वच्छ तुकड्यांना कागदाच्या कारखान्याचं गिऱ्हाईक मिळू शकतं, पण साल आणि ओला भुसा यांना सहसा कुणी विचारत नाही.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हम्बोल्ट काउंटीत हा प्रश्न पिढ्यान् पिढ्यांचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोपासून सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला असलेला हा डोंगराळ, धुकाळ मुलूख रेडवूड वृक्षांचा. जगातलं सर्वांत उंच झाड, सुमारे ११६ मीटरचं, इथल्याच राष्ट्रीय उद्यानात उभं आहे. क्षेत्रफळ सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पावणेदोन पट भरेल, वस्ती मात्र दीड लाखाच्याही आत. युरेका आणि आर्काटा ही दोन मोठी गावं, बाकी सगळा लहान वस्त्यांचा पसारा.

विसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या गिरण्यांशेजारी पत्र्याच्या उंच, शंकूच्या आकाराच्या भट्ट्या असत. भुसा आणि साल पट्ट्यावरून त्यांत पडायची आणि रात्रंदिवस जळत राहायची. त्या आगीतून वाफ निघत नव्हती की वीज. धूर आणि राख तेवढी निघायची. १९७० नंतर हवेच्या प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि या भट्ट्या विझल्या. युरेकासमोरच्या सामोआ द्वीपकल्पावर साठच्या दशकात लगद्याचे दोन कारखाने उभे राहिले होते, त्यांनी लाकडाचे तुकडे घेतले. पण त्यांच्या सांडपाण्यावरून खटले झाले, पहिला कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला आणि दुसरा २००८ साली.

मधल्या काळात एक वेगळी वाट निघाली होती. तेलाच्या टंचाईनंतर, १९७८ साली, अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदा करून मोठ्या वीज कंपन्यांना छोट्या उत्पादकांची वीज विकत घेणं भाग पाडलं. त्यातून कॅलिफोर्नियात लाकडाच्या कचऱ्यावर चालणारी वीजकेंद्रं भराभर उभी राहिली. हम्बोल्टमध्ये ऐंशीच्या दशकात तीन आली: स्कोशिया, फेअरहेवन आणि ब्लू लेक. तिन्हींची रीत एकच. कचरा बारीक करून बॉयलरमध्ये टाकायचा, वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं. साखर कारखान्यांच्या सहवीजप्रकल्पात चिपाड जळतं, तशीच इथे साल जळते. इंधनही तसंच निम्मं पाण्याने भरलेलं. या ओलेपणामुळेच यंत्र अडतं. बॉयलरमधली बरीचशी उष्णता आधी भुशातलं पाणी उडवण्यातच खर्च होते. म्हणून अशा केंद्रांची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहते आणि एक मेगावॅट-तास, म्हणजे हजार युनिट, विजेसाठी दीड ते दोन टन ओला कचरा लागतो. इतकं स्वस्त आणि इतकं जड इंधन लांबून आणणं परवडत नाही. ही वीज गिरणीला खेटूनच तयार व्हावी लागते.

तीसेक वर्षांचे जुने करार संपत आले तेव्हा मोठ्या कंपन्यांना या विजेत रस उरला नव्हता. नैसर्गिक वायू स्वस्त होता, सौर विजेचे दर कोसळत होते. ब्लू लेकचं केंद्र २०१५ साली बंद झालं. उरलेल्या दोघांनाही गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते त्याच काउंटीतून पुढे आलं.

रेडवूड कोस्ट एनर्जी अथॉरिटी ही संस्था २००३ साली स्थापन झाली. काउंटीचं सरकार, सात गावांच्या नगरपालिका आणि हम्बोल्ट बे नगर जल जिल्हा यांनी करारावर सही करून एक संयुक्त अधिकारसंस्था उभी केली. तिला भागधारक नाहीत, नफा वाटायचा नाही. संचालक मंडळावर या सदस्यांनी पाठवलेले लोकनियुक्त प्रतिनिधी बसतात. सुरुवातीची बरीच वर्षं तिने ऊर्जा बचतीची कामं केली: दिवे बदलणं, दुकानांची आणि घरांची ऊर्जा तपासणी, नागरिकांना सल्ला. वीज खरेदीच्या कामात ती उतरली मे २०१७ मध्ये.

तिला हे करता आलं ते २००२ सालच्या एका राज्य कायद्यामुळे. २०००-०१ साली कॅलिफोर्नियाच्या वीजबाजारात हाहाकार उडाला. व्यापाऱ्यांनी कृत्रिम टंचाई करून भाव चढवले, अंधार पडला आणि पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक, म्हणजे पीजी अँड ई, ही महाकाय कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर विधिमंडळाने गावांना आणि काउंट्यांना अधिकार दिला की आपल्या रहिवाशांसाठी वीज तुम्ही एकत्रितपणे खरेदी करू शकता. तारा, खांब, मीटर आणि बिल कंपनीकडेच राहतात. वीज कुठून घ्यायची हे मात्र गाव ठरवतं. ग्राहक आपोआप या योजनेत येतो, नको असेल तर बाहेर पडतो. पहिली अशी संस्था २०१० साली मरिन काउंटीत सुरू झाली. त्याच वर्षी पीजी अँड ईने चार कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतून एक सार्वमत घडवून आणलं होतं. अशी संस्था काढण्याआधी दोन तृतीयांश मतदारांची संमती घ्यावी लागेल, अशी अट त्यात होती. मतदारांनी ते फेटाळलं. फेटाळलं नसतं तर हम्बोल्टची ही गोष्ट घडलीच नसती.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच परकी नाही. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सत्तरच्या दशकापासून २०११ पर्यंत श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात वीज वाटली. तिथे ताराही संस्थेच्याच होत्या, वसुलीही तिचीच, आणि थकबाकीच्या ओझ्याखाली ती गेली. हम्बोल्टच्या संस्थेने तारा हाती घेतल्या नाहीत, फक्त खरेदीचा निर्णय घेतला. सहवीज विकणारे आपले बरेच साखर कारखाने सहकारी आहेत, पण वीज घेणारी बाजू सरकारी कंपनीची असते. हम्बोल्टमध्ये विकणारी बाजू खासगी आहे आणि घेणारी गावाची. मला या व्यवस्थेचं खरं मोल इथे दिसतं. इथे धुराड्याखाली राहणारा माणूस आणि त्या विजेचं बिल भरणारा माणूस एकच आहे. त्याचा प्रतिनिधी करारावर सही करतो आणि सभेत त्याच्यासमोर बसून उत्तरही देतो.

संस्थेने सुरुवातीपासूनच स्थानिक लाकूडकचऱ्याच्या विजेला जागा दिली. स्कोशिया आणि फेअरहेवन दोघांशीही व्यवहार झाला. पुढे फेअरहेवन थांबलं आणि उरलं ते स्कोशिया. समर्थकांचं म्हणणं सरळ होतं. पैसा काउंटीतच राहतो, गिरणीची आणि ट्रकवाल्यांची रोजी टिकते, कचरा उघड्यावर जाळावा लागत नाही, आणि ही वीज सूर्यास्तानंतरही चालू राहते. शेवटचा मुद्दा इथे विशेष महत्त्वाचा आहे. बाकी कॅलिफोर्नियात विजेची मागणी उन्हाळ्याच्या दुपारी चढते. हम्बोल्टच्या थंड किनाऱ्यावर वातानुकूलन यंत्रं क्वचितच लागतात, इथली सर्वाधिक मागणी हिवाळ्याच्या संध्याकाळची, जेव्हा सौर पॅनेल झोपलेले असतात. शिवाय राज्याच्या मुख्य जाळ्याशी हा मुलूख मोजक्याच, कमी क्षमतेच्या तारांनी जोडलेला आहे. बाहेरून हवी तेवढी वीज ओढून आणता येत नाही. स्थानिक वीज म्हणजे मुख्यतः हम्बोल्ट उपसागराकाठचं वायूवर चालणारं, १६३ मेगावॅटचं केंद्र. त्याच आवारात १९६३ ते १९७६ अणुभट्टीही चालली होती; भूकंपाच्या धोक्यामुळे ती पुन्हा सुरू झाली नाही.

विरोधकांचं म्हणणंही तितकंच सरळ आहे, आणि ते आकड्यांवर उभं आहे. लाकूड जाळून हजार युनिट वीज करताना धुराड्यातून दीड टनाच्या घरात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोळशाच्या केंद्रातून टनाच्या आसपास, आधुनिक वायूकेंद्रातून त्याच्याही निम्म्याहून कमी. राज्याचा कायदा ही वीज नवीकरणीय मानतो. ग्राहकांना दरवर्षी मिळणाऱ्या पत्रकात विजेच्या हरितवायूंचा आकडा असतो, त्यात हा जैविक कार्बन मिळवत नाहीत, तळटिपेत दाखवतात. यामागचा तर्क असा, की झाडाने तो कार्बन हवेतूनच घेतला होता आणि नवं झाड तो पुन्हा घेईल. पण रेडवूडला वाढायला काळ लागतो आणि हवेला आजचा कार्बन आजच भोगावा लागतो. त्यात बारीक कणांचा धूर वेगळा. तो बिलाच्या कुठल्याच रकान्यात येत नाही, फुप्फुसात मात्र जातो.

इथे मला एक भेद फार महत्त्वाचा वाटतो. विजेसाठी झाड तोडणं वेगळं, आणि फळीसाठी तोडलेल्या झाडाची साल जाळणं वेगळं. साल कुठेतरी जाणारच आहे. कुजली तर तिचा कार्बन तसाही काही वर्षांत हवेत जातो, हवाबंद ढिगात कुजली तर मिथेन होऊन जातो, उघड्यावर जाळली तर गाळणीशिवायचा धूर होतो. तुलना या पर्यायांशी व्हायला हवी. धुराड्याचा आकडा लपवू नये, पण तो एकटा पुढे करून निकालही देऊ नये. आणि कचरा आहे म्हणून वीज, हे नातं उलटं होता कामा नये. वीज विकायची आहे म्हणून कचरा हवा, असं झालं की जंगलाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

ही भीती हम्बोल्टमध्ये कुणाला समजावून सांगावी लागत नाही. स्कोशिया हे पूर्वी पॅसिफिक लंबर कंपनीचं गाव होतं. घरं, दुकानं, गिरणी, सगळं एकाच मालकाचं. कंपनी अनेक दशकं जपून तोड करत होती. १९८५-८६ मध्ये टेक्सासच्या मॅक्सम उद्योगसमूहाने कर्ज काढून ती ताब्यात घेतली आणि ते कर्ज फेडण्यासाठी तोड कितीतरी वाढवली. आंदोलनं पेटली. ज्युलिया बटरफ्लाय हिल ही तरुणी डिसेंबर १९९७ पासून ७३८ दिवस एका रेडवूडच्या फांद्यांवर राहिली आणि ते झाड तिने वाचवलं. १९९९ साली केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून ३८ कोटी डॉलर देऊन हेडवॉटर्सचं प्राचीन जंगल विकत घेतलं. कंपनी २००७ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी तिची जंगलं व गिरणी नव्या मालकांकडे आली. हे मालक म्हणजे ‘गॅप’ या कपड्यांच्या कंपनीचं फिशर कुटुंब. त्यांनी प्राचीन वृक्ष न तोडण्याचं धोरण जाहीर केलं. तरी ज्यांनी तो तोडीचा काळ पाहिला, त्यांना गिरणीच्या कुठल्याही करारात बारीक अक्षरं शोधावीशी वाटतात. मला ती सवय रास्त वाटते.

२०१९ हे वर्ष वीज खरेदी करणाऱ्या रेडवूड कोस्ट संस्थेला बरंच काही शिकवून गेलं. जानेवारीत पीजी अँड ई दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. तिच्या तारांनी लागलेल्या वणव्यांची भरपाई अंगावर आली होती. ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने कंपनीने दूरच्या तारांचा प्रवाह तोडला आणि हम्बोल्टमध्ये अंधार झाला. स्वतःच्या उंबरठ्यावर वायूकेंद्र असूनही. जाळ्यापासून तुटल्यावर ते एकटं चालवण्याची सोयच तेव्हा नव्हती. प्रकाश राहिला तो ब्लू लेक रँचेरिया या आदिवासी जमातीच्या वस्तीवर, तिच्या स्वतःच्या सौर पॅनेल आणि बॅटरीच्या छोट्या जाळ्यामुळे. त्या धर्तीवर संस्थेने पुढे स्थानिक विद्यापीठाच्या शाट्झ ऊर्जा संशोधन केंद्राला बरोबर घेऊन विमानतळावर २.२ मेगावॅट सौर क्षमतेचं स्वतंत्र सूक्ष्मजाळं उभं केलं. त्यावर तटरक्षक दलाचा हवाई तळही चालू राहू शकतो.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये स्कोशियाजवळच्या डोंगरधारेवरचा मोठा पवनप्रकल्प काउंटीच्या मंडळाने नाकारला. ती धार इथल्या मूळनिवासी वियोत लोकांसाठी पवित्र आहे. त्यांचा विरोध निर्णायक ठरला, आणि ठरायलाच हवा होता. वियोतांच्या जमिनी आणि माणसं दोन्ही एकोणिसाव्या शतकात लुटली गेली आहेत. पण त्याच महिन्यात संस्थेच्या आराखड्यात उद्दिष्ट लिहिलं गेलं: २०२५ पर्यंत सगळी वीज स्वच्छ आणि नवीकरणीय, २०३० पर्यंत ती सगळी स्थानिक. डोंगरावर पवनचक्क्या नाहीत, आकाशात धुकं, तारा तोकड्या. स्थानिक या शब्दाला धरून राहिलं की नजर पुन्हा स्कोशियाच्या धुराड्याकडे जाते. समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने हम्बोल्टसमोरच्या दोन क्षेत्रांचा लिलाव केला, पण त्या उभारायच्या तर बंदर नव्याने बांधावं लागेल आणि तारा वाढवाव्या लागतील.

तोवर संस्थेच्या सभांमध्ये लाकडाच्या विजेवर वाद होत राहतो. कचऱ्याचं दुसरं काय करता येईल यावरही विचार झाला आहे: खत, कोळशासारखा बायोचार, लाकडाच्या तंतूंच्या पाट्या. प्रत्येकाला बाजार हवा, आणि मोठी बाजारपेठ शेकडो किलोमीटर दूर, वळणावळणाच्या घाटरस्त्यांपलीकडे आहे. म्हणून ही वीज आज बंद करा, असं मी म्हणणार नाही. करार मात्र मोजके आणि आखूड मुदतीचे असावेत. इंधन गिरणीतलंच आहे याची तपासणी संस्थेने स्वतः करावी. धुराड्यातल्या कणांची मोजणी आणि कार्बनचा पूर्ण आकडा बिलाबरोबर प्रत्येक घरी जावा, तळटिपेत नव्हे. गिरणीला इतका जास्त दर मिळू नये की भुसा फळीपेक्षा फायद्याचा ठरेल. आणि एखाद्या वर्षी तोड कमी झाली, भुसा कमी पडला, तर केंद्राने वीज कमी द्यावी आणि त्याबद्दल दंड लागू नये, असं कलम करारात हवं. नाहीतर तो दंड चुकवण्यासाठी कुणीतरी जंगलात जाईल.