वेचकरणीची ओटी

परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याचा योग मराठीच्या प्राध्यापकाला फार वेळा येतो. वक्तृत्व असो, रांगोळी असो, नाही तर पाककृती असो, 'सर, तुम्हीच या' हे ठरलेले! गेल्या हिवाळ्यात असाच मी अमरावतीहून अकोल्याला एका चित्रस्पर्धेसाठी गेलो. माझे चित्रकलेचे ज्ञान दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांपुरते. दलाल आणि मुळगावकर यांच्या पलीकडे माझी मजल नाही, हे मी संयोजकांना आधीच सांगितले होते. ते नुसते हसले. आपल्याकडे असे सांगणाऱ्याला विनयशील समजतात.

विषय होता 'वेचणी'. एका चित्रापाशी मी थबकलोच. सोनेरी ऊन, दूरवर पसरलेली पांढरी पऱ्हाटी आणि मधोमध एक देखणी वेचकरीण. पहिले बक्षीस त्याला दिले. दुसरे एका खेड्यातल्या मुलीच्या जलरंगाला.

समारंभ आटोपल्यावर ती मुलगी पहिल्या चित्रापुढे उभी दिसली. मला पाहून म्हणाली, "सर, ह्या बाईले ओटीच नाही. कापूस वेचून ठेवते कायच्यात?"

मी चष्मा पुसून पाहिले. खरेच की! कमरेला ओटी नव्हती आणि कापसाची बोंडे झाडावर गुलाबासारखी फुलली होती. जन्म वऱ्हाडात गेला, पण मला ते दिसले नव्हते.

विजेत्या पोराला विचारले, तर त्याने मोकळेपणाने सांगितले की कॉम्प्युटरला चार ओळी लिहून दिल्या आणि अर्ध्या मिनिटात चित्र आले. "मग सांगितलं का नाहीस?"

"मले कोणी पुसलंच नाही, सर!"

यावर काय बोलणार? प्रवेशपत्रात नाव, वय, चित्राची लांबी-रुंदी, चौकट आहे की नाही, सारे विचारले होते. चित्र कशाने काढले, एवढेच तेवढे राहिले होते.

मोठमोठ्यांचीही अशीच फजिती झाली आहे, म्हणून जरा धीर आला. 2022 साली अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांच्या चित्राला डिजिटल विभागात पहिले पारितोषिक मिळाले. 'मिडजर्नी' हे यंत्राचे नाव त्यांनी अर्जात लिहिले होते. परीक्षकांना ते काय प्रकरण आहे, हेच ठाऊक नव्हते! पुढच्याच वर्षी बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकाराने सोनीच्या जागतिक स्पर्धेतले पारितोषिक स्वतःहून नाकारले. आपले चित्र कॅमेऱ्याचे नाही, यंत्राने रचलेले आहे, असे त्यांनी जाहीर केले.

यंत्राशी माझे वैर नाही. आमच्या आजीच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, तीही छापखान्यातली. 1894 साली मुंबईत निघालेला आणि पुढे मळवलीला गेलेला तो छापखाना दगडावरून एकेक रंग उमटवीत असे. पण ती तसबीर छापील आहे, हे आजीला माहीत होते आणि तिने दामही छापील तसबिरीचेच मोजले होते. दिल्लीच्या 'नेचर मोर्ट' या कलादालनाने 2018 मध्ये यंत्रबुद्धीच्या साहाय्याने केलेल्या कलाकृतींचेच प्रदर्शन भरवले, तेही उघड सांगून. त्याबद्दल कुणाची काय तक्रार असणार?

म्हणून कलादालनांकडे माझे मागणे साधे आहे. चित्र घेतानाच चित्रकाराकडून ते कसे केले, हे लेखी घ्यावे. भिंतीवरच्या चिठ्ठीत किमतीशेजारी ते लिहावे आणि गिऱ्हाइकाच्या पावतीवरही. स्पर्धेत यंत्राचा विभाग वेगळा ठेवावा. हाताच्या विभागात शंका आली तर कच्ची रेखाटने मागवावीत. यंत्र शिकते ते असंख्य चित्रकारांच्या चित्रांवरून, बहुतेकांना न विचारता. 2023 साली काही अमेरिकन चित्रकार यासाठी कोर्टातही गेले. तेव्हा दालनवाल्यांनी विचारण्यात संकोच कशाला करावा?

त्या मुलीला पहिले बक्षीस द्यावे, असे पत्र मी संयोजकांना दुसऱ्याच दिवशी लिहिले. निकाल एकदा जाहीर झाला की बदलता येत नाही, असे उत्तर आले. यंदाच्या प्रवेशपत्रात मात्र 'चित्र कशाने काढले?' ही एक ओळ वाढली आहे. परीक्षक म्हणून मला बोलावणे आले होते. मी त्या मुलीचे नाव सुचवले आहे.