चीताची रोजची तपासणी

चीता हेलिकॉप्टरची सकाळची तपासणी उजाडायच्या आधी सुरू होते. टॉर्च आणि मऊ फडकं घ्यायचं आणि ठरलेल्या क्रमानं यंत्राभोवती फेरी मारायची. पुढची गोल काच आधी पाण्यानं धुवायची. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं तर बारीक ओरखडे उठतात आणि सूर्य समोर आला की पायलटला धूसर दिसतं. मग टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या बरणीत काढून उजेडासमोर धरायचं. पाण्याचा एक थेंब जरी खाली बसलेला दिसला, तरी स्वच्छ इंधन येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं.

नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. लष्कराचे हेलिकॉप्टर पायलट तिथं घडतात. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांनी लष्करातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिकाचा मान मिळवला, तोही तिथंच. मी तिथं ही तपासणी करणारा, लष्कराच्या ईएमई या तांत्रिक शाखेचा तंत्रज्ञ होतो. आता निवृत्त होऊन इंदूरला, खजरान्यात राहतो.

चीताचं इंजिन उघडंच असतं, त्यावर झाकण नाही. त्यामुळे डोळा आणि हात थेट पोचतात. पाइपांच्या जोडांखालून बोट फिरवायचं आणि तेलाचा ओलावा लागला तर तो कुठून आला हे सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही. वर रोटरची तीन पाती. प्रत्येक पात्याच्या मुळाशी त्याचे हेलकावे आवरणारा डॅम्पर, आणि पात्यांमधलं अंतर सारखं राखणाऱ्या तारा. डॅम्पर ढिला पडला तर पाती एका बाजूला झुकतात, जमिनीवर उभं असलेलं यंत्र डोलायला लागतं आणि काही सेकंदांत मोडून पडू शकतं. म्हणून डॅम्परपाशी घाई चालत नाही.

शेपूट म्हणजे नळ्यांचा उघडा सांगाडा. त्याचा प्रत्येक वेल्डिंगचा जोड टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहायचा, कारण केसाएवढी चीर समोरच्या उजेडात दिसत नाही. सांगाड्याच्या वरून शेवटच्या पंख्यापर्यंत एक लांब दांडा जातो. तो तुटला तर पंखा थांबतो आणि सगळं हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरायला लागतं. त्याची बेअरिंग्ज हातानं चाचपायची, लॉकिंग वायर ओढून पाहायची. सगळं झालं की लॉगबुकात सही. तिच्या भरवशावर पायलट उडणार असतो.

या यंत्राचा जन्म भारताच्या गरजेतून झाला. हिमालयातल्या विरळ हवेत चालेल असं हलकं हेलिकॉप्टर आपल्या सैन्याला हवं होतं. फ्रान्सच्या सूद एव्हिएशननं अलूएत-२ चा हलका सांगाडा घेतला, त्याला अलूएत-३ चं इंजिन आणि रोटर जोडला आणि १७ मार्च १९६९ रोजी ‘लामा’ उडवलं. २१ जून १९७२ रोजी पायलट जाँ बूले यांनी ते १२,४४२ मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. तिथं इंजिन बंद पडलं, आणि त्यांनी रोटर नुसत्या वाऱ्यावर फिरता ठेवून ते सुखरूप खाली आणलं. हेच लामा हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनं परवान्यावर बांधलं, ते आपलं चीता. त्याचं भावंड चेतक म्हणजे अलूएत-३. त्याचा करार १९६२ चा.

त्या उंचीचं रहस्य इंजिनात आहे. आर्तुस्त नावाचं हे इंजिन सुमारे ८७० अश्वशक्ती देऊ शकतं, पण चीतात त्यातली साधारण ५५० च वापरायची मुभा आहे. हवा विरळ झाली की कुठल्याही इंजिनाची ताकद घटते. इथं मात्र हाताशी शिल्लक असते आणि ती वरच्या उंचीवर कामी येते. १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झाल्यापासून सियाचिनच्या चौक्या या शिलकीवर जगल्या आहेत. सगळ्यात वरच्या हेलिपॅडवर इंजिन बंद करत नाहीत, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. केरोसिनचा डबा उतरवायचा, आजारी जवान आत घ्यायचा आणि निघायचं.

नवी गाडी घेतली की इंदूरकर ती खजरान्याच्या गणपतीपुढं आणतात. तिथं भेटणारे लोक मला चीताबद्दल विचारतात, इतकी जुनी गाडी कुणी रस्त्यावर आणेल का? मी सांगतो, हेलिकॉप्टरचं वय वर्षांवरून ठरत नाही. पाती, गिअरबॉक्स, इंजिन, सगळ्यांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत बांधलेलं असतं. तास भरले की भाग उतरतो, ओव्हरहॉलला जातो किंवा बाद होतो. देखभाल नीट असेल तर जुनं चीता रोज उडू शकतं.

पण मूळ रचना बदलता येत नाही. चीताला एकच इंजिन आहे. ऑटोपायलट नाही, हवामानाचं रडार नाही, ढगाआडच्या डोंगराची सूचना देणारं यंत्र नाही. दरीत अचानक ढग उतरला की पायलट एकटा पडतो, आणि तिथं माझ्या टॉर्चचा काही उपयोग नसतो. १६ मार्च २०२३ रोजी अरुणाचलात मंडालाजवळ चीता कोसळलं. लेफ्टनंट कर्नल व्ही. व्ही. बी. रेड्डी आणि मेजर जयंत ए. गेले. त्याच्या कितीतरी आधी, २०१५ मध्ये, लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांकडे चीता-चेतक बदलण्याची मागणी केली होती.

स्वित्झर्लंडनं २०१० मध्ये आणि पोर्तुगालनं २०२० मध्ये आपली अलूएत-३ निवृत्त केली. आपल्याकडे २०१५ मध्ये रशियाशी कामोव्ह-२२६ हेलिकॉप्टरांचा करार झाला, पण एकही यंत्र सैन्यात आलं नाही. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचं नवं हलकं हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी पहिल्यांदा उडालं. ते बांधण्यासाठीचा तुमकुरूचा कारखाना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं २०० हलक्या हेलिकॉप्टरांसाठी पुन्हा उत्पादकांकडून माहिती मागवली, १२० लष्करासाठी आणि ८० हवाई दलासाठी.

तंत्रज्ञ चोख काम करतात म्हणून चीता टिकलं. त्यांचं चोख काम हे दिरंगाईचं कारण होऊ नये. आपल्या खासदारांना एवढंच विचारा: शेवटचं चीता कोणत्या साली निवृत्त होणार, आणि त्या दिवशी सियाचिनला काय उडणार?