भाजी अळणी की जीभ?

भाजी अळणी लागली की आपण घरात ओरडतो. पण दोष मिठाचाच असतो का? आंजी (मोठी) परिसरात सुपारी, तंबाखू अन् चुना घोटलेला खर्रा गालात धरायची सवय जुनीच. चुन्याने तोंड सोलते, जीभ चुरचुरते, चव मंदावते. खर्रा सोडला की चव बहुधा हळूहळू परतते. तोवर कोमट पाण्याने चुळा भरा, तिखट आवरा.

मात्र तिखट अजिबात सोसेना, तोंडात आपली तीन बोटे उभी मावेनात, तर सुपारीने गाल आतून आखडू लागला समजा. ही आखड पुरती सुटत नाही. पुढे कर्करोगाचीही भीती असते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम अंगावर काढू नका. आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तोंड दाखवा.