विजेची वाट शिवणारा दोरा

हल्ली बचत गटांकडे माणसं येतात आणि सांगतात, 'स्मार्ट कपडे शिवायचं काम देतो, आधी प्रशिक्षणाचे पैसे भरा.' पैसे भरायचे की नाही ते शेवटी बघू. आधी हा माल काय आहे ते समजून घेऊ, म्हणजे समोरच्याला चार प्रश्न तरी विचारता येतील.

या कपड्यांचा जीव एका दोऱ्यात असतो. साध्या सुती दोऱ्यातून वीज जात नाही. या दोऱ्यातून जाते, आणि तरी तो सुईत ओवता येतो. मोबाईलच्या काचेवर चालणारे हातमोजे, छातीचे ठोके मोजणारी बनियन, लुकलुकणारी पिशवी, सगळ्यांत तोच.

नवल वाटेल, पण या दोऱ्याची थोरली बहीण आपल्या ट्रंकेत आहे. जर! अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी, बारीक तार, वर सोन्याचा मुलामा. आणि चांदीइतकी सहज वीज दुसऱ्या कुठल्याच धातूतून जात नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात कापडावर विजेची जोडणी करून पाहिली, तेव्हा धातू गुंडाळलेल्या धाग्याचं, भारतात विणलं जाणारं रेशमी ऑरगंझाच त्यांनी वापरलं होतं. आजच्या स्वस्त जरीवर मात्र विसंबू नका. तिच्यात प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा नुसता हात फिरवलेला असतो.

आता बाजारात मिळणारा दोरा बहुधा दोन प्रकारचा. एक नायलॉनवर चांदी चढवलेला, दुसरा स्टेनलेस स्टीलच्या केसाहून बारीक तंतूंचा. चांदीच्या दोऱ्यातून वीज चांगली जाते, पण घामाने, ब्लीचने तो पैंजणासारखा काळवंडतो. स्टीलचा टिकाऊ, पण ताठ. विजेला थोडाफार अडथळा दोन्हींत असतो. चांदी चढवणं हे कारखान्यातलं काम. त्यातली रसायनं हात-डोळे भाजतात, घरी त्या भानगडीत पडूच नये.

अडथळा म्हणजे काय? ठिबकची नळी फार लांबली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पोचतं, तसंच. दोरा लांबला की दिवा मंद. दोरा दुहेरी घातला की अडथळा निम्मा.

खरी कसोटी शिलाईत आहे, आणि तिथे आपला हात बसलेला आहे. विजेच्या वायरीवर प्लास्टिक असतं, हा दोरा उघडा असतो. बॅटरीच्या दोन टोकांपासून निघालेल्या दोन शिवणी एकमेकींना कुठेही टेकता कामा नयेत, कापडाला घडी पडली तरीसुद्धा. म्हणून मागची लोंबती टोकं कापायचीच. मशीनवर हा दोरा बॉबीनमध्ये भरावा, वर साधा ठेवावा. सुईत घातला तर अडकतो, तुटतो. स्टीलची गाठ सुटते, तिच्यावर नेलपॉलिशचा थेंब द्यावा. आणि बॅटरी लावण्याआधी प्रत्येक शिवण मल्टीमीटरने तपासावी. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच, काही शेकड्यांत मिळतो.

घरातल्या बोर्डाची वीज या दोऱ्याला कधीही जोडायची नाही. तीन व्होल्टचा बटणासारखा सेल पुरतो. पण तो सेलही खेळणं नव्हे. लहान लेकराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. रडण्याची, उलटीची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. पिशवी असो की झबलं, सेलची जागा लेकराला उघडता येणार नाही अशीच हवी. लेकरांच्या कपड्यात सेल घालायची ऑर्डर आली तर आम्ही नाही म्हणू.

आता पैशांचं. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर त्याला विचारा, तयार माल कोण घेणार? मागच्या ऑर्डरचं बिल दाखवता का? नमुना आणि दोरा तुम्ही देणार का? उत्तरं गोलमाल आली तर चहा पाजून वाटेला लावा. काम खरं असेल तर एक नग आपण स्वतः शिवायचा, तपासणीचा वेळ धरून किती तास गेले ते मोजायचं, मगच दर सांगायचा. आणि बाद झालेल्या नगाचा खर्च कुणाच्या माथी, हे गटाच्या वहीत त्याच्या सहीनिशी लिहून घ्यायचं.