कर्जाचे अर्धायुष्य

समजा, परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ येथे एक शिक्षक राहतात. पगार बँकेत जमा होतो, म्हणून बँकेने त्यांना क्रेडिट कार्ड दिले. आईचे आजारपण आले, मुलीच्या कॉलेजचा प्रवेश आला आणि कार्डावरची बाकी ५०,००० रुपये झाली. गुरुजींनी कार्ड कपाटात ठेवून दिले. पुन्हा एकदाही वापरले नाही.

बिलावर दोन आकडे येतात. मोठा आकडा एकूण बाकीचा. छोटा आकडा ‘मिनिमम अमाउंट ड्यू’चा, म्हणजे किमान भरायच्या रकमेचा. गुरुजी दर महिन्याला हा छोटा आकडा न चुकता भरतात. एकही तारीख हुकत नाही. सुमारे साडेतीन वर्षांनी ते हिशेब मांडतात, तेव्हा ७७,००० रुपये भरून झालेले असतात आणि बाकी उरलेली असते २५,०००!

बँकेची आकडेमोड चुकलेली नाही. गुरुजींनीही कसूर केलेली नाही. मग पैसे गेले कुठे? हे कोडे आठवीच्या गणितात सुटते. पण त्याचे उत्तर वापरायला मात्र गणिताबरोबर माणसेही लागतात. दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

बाकी कमी, म्हणून हप्ता कमी

कार्डावरचे व्याज साधारणपणे महिन्याला ३ ते पावणेचार टक्के असते. आपण ३.५ टक्के धरू. किमान रक्कम बऱ्याचदा बाकीच्या ५ टक्के असते, तीही धरू. (व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो सोपेपणासाठी सोडून दिला आहे. धरला तर चित्र आणखी वाईट दिसेल.)

आता १०० रुपये बाकी घ्या. महिन्याअखेर व्याज धरून १०३ रुपये ५० पैसे झाले. त्याचे ५ टक्के, म्हणजे सुमारे ५ रुपये १८ पैसे, भरले. उरले ९८ रुपये ३२ पैसे. म्हणजे महिनाभर वाट पाहून कर्ज पावणेदोन टक्केसुद्धा उतरले नाही.

दर महिन्याला बाकीला ०.९८३२५ ने गुणत जा. ४१ महिन्यांनी बाकी निम्मी होते. पुढच्या ४१ महिन्यांनी तिची निम्मी, त्यापुढच्या ४१ महिन्यांनी तिचीही निम्मी. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही चाल ओळखीची वाटेल. किरणोत्सारी मूलद्रव्य असेच क्षय पावते. ठरावीक काळात निम्मे, पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्याचे निम्मे. त्या काळाला आपण अर्धायुष्य म्हणतो. गुरुजींच्या कर्जाचे अर्धायुष्य ४१ महिने आहे. या चालीने ५०,००० चे ५०० रुपये व्हायला २२ वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात किमान रकमेला काही शे रुपयांची खालची मर्यादा असते, म्हणून शेवट त्याआधी येतो. पण सुरुवातीची वर्षे अशीच रेंगाळतात.

कारण साधे आहे. बाकी उतरते तसा हप्ताही उतरतो. गुरुजींचा पहिला हप्ता सुमारे २,५९० रुपयांचा होता. साडेतीन वर्षांनी तो १,३०० च्या आसपास आला. दरमहा ओझे हलके झाल्यासारखे वाटले, पण कर्ज उतरण्याचा वेगही तेवढाच मंदावला.

हप्ता तोच ठेवला तर?

आता गुरुजींनी एकच बदल केला असे समजा. पहिल्या महिन्यात जे २,५९० रुपये भरले, तेच दर महिन्याला भरत राहायचे. बिलावर किमान रक्कम कितीही कमी दिसो. वहीत मांडून पाहा :

दरमहा १,७०० रुपये भरले, तर कर्ज कधीच फिटत नाही.
दरमहा २,००० रुपये भरले, तर ६१ महिने लागतात; एकूण भरणा सुमारे १,२०,९००.
दरमहा २,५९० रुपये भरले, तर ३३ महिने. एकूण सुमारे ८४,८००.
दरमहा ३,००० रुपये भरले, तर २६ महिने. एकूण सुमारे ७६,४००.

पहिल्या ओळीकडे नीट पाहा. ५०,००० वर महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते. हप्ता त्याहून पन्नास रुपयांनी जरी कमी पडला, तरी ते पन्नास रुपये मुद्दलात जाऊन बसतात आणि त्यांच्यावर व्याज चढते. पाच वर्षांत १,०२,००० रुपये भरूनही बाकी ५९,८०० च्या वर जाते. १,७५० हा जणू डोंगराचा कडा आहे. त्याच्या अलीकडे राहिलो तर घसरण, पलीकडे गेलो तर सुटका. कड्याच्या जवळ थोड्या पैशांनी फार फरक पडतो. २,००० वरून २,५९० वर गेलो, तर २८ महिने वाचतात. पण २,५९० वरून ३,००० वर गेलो, तर फक्त ७ वाचतात.

हा कडा आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. जुन्या हिंदू कायद्यातला ‘दामदुप्पट’चा नियम सांगे की, एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. आजच्या काळात रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्ड देणाऱ्यांना बजावले की, किमान रक्कम अशी ठरवा की ती भरूनही बाकी उलट वाढत जाणार नाही. म्हणजे नियमाने आपल्याला कड्याच्या पलीकडे उभे केले आहे. पुढे किती वेगाने चालायचे, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.

मग आपण तसे का करत नाही?

गुरुजींना ही बेरीज-वजाबाकी येत नव्हती असे नाही. अडचण मनाची आहे. वॉरविक विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक काल्पनिक बिल दाखवून किती भराल असे विचारले. ज्यांच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, त्यांनी न छापलेल्यांपेक्षा कमी भरायचे ठरवले. छोटा आकडा समोर दिसला की मन त्याच्याकडे ओढले जाते.

शिवाय ३३ महिने म्हणजे तीन दिवाळ्या, दोन-तीन लग्नसराया आणि एखादे दुखणे. प्रत्येक वेळी वाटते, या महिन्यात किमान रक्कमच भरू. कोणाला कळणार आहे? कार्डाचे कर्ज बहुधा घरातही सांगितलेले नसते. ज्याला कोणी पाहत नाही, तो निश्चय टिकवणे अवघड जाते.

याचा इलाज आपल्या आजूबाजूलाच आहे. सोनपेठ तालुक्यातल्या गावांत, जिथे उत्पन्न सोयाबीन-कापसाच्या हंगामावर आणि मजुरीवर अवलंबून आहे, तिथेही बचत गटातल्या बाया ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम आणून ठेवतात. महाराष्ट्रात १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढे ‘उमेद’ अभियानाने गावोगाव गट बांधले. गटाची पंचसूत्री प्रसिद्ध आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख नोंदी. आपल्या गणिताच्या नजरेने पाहिले तर यातली तीन सूत्रे एकाच कामाची आहेत. बैठक, परतफेड आणि नोंदी मिळून हप्ता उतरू देत नाहीत.

याला प्रयोगाचा आधारही आहे. चिली देशात कास्ट, मायर आणि पोमेरांझ या अभ्यासकांनी छोटे धंदे करणाऱ्या २,६०० हून अधिक लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना नुसते बचत खाते दिले. काहींना खात्यावर चांगले व्याज दिले. काहींनी मात्र आपल्या गटासमोर बचतीचे उद्दिष्ट जाहीर केले आणि दर आठवड्याच्या बैठकीत ते तपासले गेले. जास्त व्याजाचा बहुतेकांवर फारसा परिणाम झाला नाही. गटासमोर बोललेल्यांनी मात्र साडेतीन पट वेळा पैसे भरले आणि त्यांची सरासरी शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली. पुढच्या प्रयोगात बैठकीऐवजी मोबाइलवर संदेश पाठवले, तरी परिणाम जवळपास तेवढाच राहिला.

कोलकात्यात फायगेनबर्ग, फील्ड आणि पांडे यांनी असेच पाहिले. पहिल्या कर्जाच्या वेळी महिन्याने भेटणाऱ्या गटांच्या तुलनेत आठवड्याने भेटणाऱ्या गटांतल्या बायांची ओळख वाढली आणि पुढचे कर्ज थकण्याची शक्यता तीन पटींनी कमी झाली.

सोबत आणि सक्ती

इथे एक सावधगिरी हवी. गटाचा धाक आणि गटाचा धीर या वेगळ्या गोष्टी आहेत. आंध्र प्रदेशात खाजगी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीत गटाचाच दबाव वापरला गेला, एकेका घरावर अनेक कर्जे चढली आणि २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला. जिथे चुकलेल्या हप्त्यासाठी दारात चारचौघांत अपमान होतो, तिथे माणूस हा हप्ता भरायला दुसरे कर्ज काढतो. ते कड्याच्या चुकीच्या बाजूला ढकलणे झाले. गटात विचारायचा प्रश्न ‘का भरला नाहीस?’ हा नसून ‘काय अडले?’ हा आहे.

आपल्या गुरुजींनी काय करावे? पहिले म्हणजे घरात सांगावे. दुसरे, शिक्षकांच्या पतसंस्थेकडून कमी व्याजाचे कर्ज मिळत असेल तर कार्डाची बाकी एकदम फेडून टाकावी. महिना २ टक्क्यांनी कर्ज मिळाले आणि हप्ता तोच २,५९० ठेवला, तर २५ महिन्यांत आणि सुमारे ६३,८०० रुपयांत सुटका होते. पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो, म्हणजे मोह होण्याआधीच तो भरलेला असतो. तिसरे, अशाच अडचणीतल्या दोन-तीन सहकाऱ्यांनी पगाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत एकत्र बसावे आणि प्रत्येकाने एका वहीत दोनच आकडे लिहावेत : या महिन्याचा भरणा आणि उरलेली बाकी.

वर्गात करून पाहा

दोन मुलांसमोर प्रत्येकी १०० चिंचोके ठेवा. पहिल्याने प्रत्येक फेरीत स्वतःच्या उरलेल्या ढिगाचा दहावा भाग काढायचा (जवळचा पूर्णांक घ्यावा). दुसऱ्याने प्रत्येक फेरीत दहाच काढायचे. पहिल्या फेरीत दोघेही दहा काढतात. दहाव्या फेरीनंतर दुसऱ्याचा ढीग संपलेला असेल. पहिल्यासमोर अजून ३५ चिंचोके असतील. दोन्ही ढिगांचे आलेख फळ्यावर काढा. एक सरळ रेषा येईल, दुसरी खाली वाकत जाणारी आणि जमिनीला कधीच न टेकणारी.

मग मुलांना विचारा, तुमच्या घरचा हप्ता यातल्या कोणत्या रेषेवर आहे? उत्तर वर्गात सांगायला लावू नका. ते घरी जाऊन विचारतील.