टाकीतली हवा: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

लिंबागणेशकडे विहिरीच्या कामावरचा कॉम्प्रेसर तुम्ही पाहिला असेल. मालवण-तारकर्लीत स्कूबाच्या टाक्या भरतो तोही कॉम्प्रेसरच. फक्त दाब साधारण २०० बार, आणि हवा श्वासासाठी!

समुद्रातल्या संशोधनाचं बजेट मांडताना गाळणीवर काटकसर करावीशी वाटते. पण आधी धोका समजून घ्या. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. युरोपीय मानक ईएन १२०२१ नुसार त्याची मर्यादा दहा लाख भागांत ५. ३० मीटर खाली दाब चौपट होतो, म्हणजे तेच ५ भाग २० सारखे लागतात.

गाळणीत हॉपकॅलाइट या वायूचं कार्बन डायऑक्साइड करतं. मात्र ते ओलं झालं की निकामी. म्हणून त्याच्या आधी ओलावा शोषणारी मॉलिक्युलर सीव्ह हवीच. तेलाची वाफ अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन धरतो.

मग बचत कुठे? उत्पादकाला चालत असेल तर पुन्हा भरता येणारं कार्ट्रिज घ्या, वापराचे तास वहीत लिहा. हवा ओढणारा पाइप धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला ठेवा. हे तर फुकटच! पण दाब सोसणारं नळकांडं घरगुती बनवू नका, आणि हवेच्या तपासणीचा खर्च बजेटमधून कधीच कापू नका.