केबल लावली, तरी वेग का नाही? लिनक्स लॅपटॉपवर दोष शोधण्याचा क्रम

आजचा विषय छोटा आहे, पण रोजच्या कामातला आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे, वाय-फायचा भरवसा नको म्हणून केबल लावली, कनेक्शन ३०० एमबीपीएसचं आहे, आणि स्पीड टेस्ट काही ९४च्या पुढे सरकत नाही. कधीकधी तर वाय-फायच जास्त पळतं. मग आपण काय करतो? ड्रायव्हर बदलतो, अख्खं लिनक्स पुन्हा टाकतो, नाहीतर आणखी महागडा प्लॅन घेतो. माझं सांगणं एवढंच, की आधी मशीनला विचारा, मग बदल करा.

सुरुवात एककापासून करू. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये, आणि फाइल कॉपी होताना खिडकीत दिसतं ते मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटचे झाले साडेबारा मेगाबाइट. त्यातले काही पाकिटांच्या वेष्टनात जातात, म्हणून हाती ११ ते १२ लागतात. तेव्हा कॉपी ११वर अडकली किंवा स्पीड टेस्ट ९४वर थांबली, की समजा, मधला कुठला तरी दुवा १०० मेगाबिटवर चालतो आहे. दुवा गिगाबिटचा असता, तर हाच आकडा ९४०च्या आसपास गेला असता. फरक किती पडतो बघा. १०० जीबीचा बॅकअप ९४च्या वेगाने घ्यायला जवळजवळ अडीच तास लागतात, ९४०ने साधारण पंधरा मिनिटं.

आता दुवा १००वर का येतो? केबलच्या आत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात. १९९९ साली तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटचं मानक आलं, त्याला मात्र चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार क्रिंपिंगमध्ये नीट बसली नसेल, किंवा दाराच्या फटीत चेपली असेल, तरी नेट बंद पडत नाही. ते गुपचूप १००वर उतरतं. दिवा लागतो, पाने उघडतात, आणि केबलवर कुणाचा संशयच जात नाही.

हे तपासायचं कसं? टर्मिनल उघडून ‘आयपी लिंक’ ही कमांड द्या. ‘ई’ने सुरू होणारं नाव केबलच्या पोर्टचं, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारं वाय-फायचं. मग ‘सुडो ईथटूल’ आणि पुढे केबलच्या पोर्टचं नाव. यात तीन ओळी वाचा. ‘स्पीड’ १००० आहे की १००? ‘डुप्लेक्स’ फुल आहे की हाफ? आणि ‘लिंक पार्टनर’, म्हणजे समोरचं टोक, काय देऊ करतं आहे? समोरचा १००० म्हणतो आणि स्पीड १०० दिसतो, तर बहुधा केबलच दोषी. समोरचा १००च्या वर बोलतच नसेल, तर राउटरचं पोर्ट बघा. वाय-फायवर १२०० लिहिलेले कित्येक स्वस्त राउटर आतून १००चीच पोर्टं देतात. वाय-फाय केबलला मागे टाकतं ते यामुळेच. शंका राहिली, तर दुसरी, चांगली केबल लावून पुन्हा बघा. ‘डीमेसेज’ या कमांडमध्येही काही ड्रायव्हर ‘डाउनशिफ्ट’ झाल्याचं आणि केबल तपासायला हवी, असं स्पष्ट लिहितात.

एक इशारा. वेग वाढावा म्हणून कुणी ऑटो-निगोशिएशन बंद करून एका टोकाला फुल डुप्लेक्स ठोकून बसवतं. दुसरं टोक तसंच ऑटोवर राहिलं, तर ते हाफ धरतं. मग पिंग छान येतो, पण मोठी फाइल पाठवली की वेग कोसळतो. दोन्ही टोकं ऑटोवरच ठेवा.

प्रश्न आला आहे, की लॅपटॉपला पोर्टच नाही, यूएसबी अडॅप्टर आहे, मग? ‘एलएसयूएसबी डॅश टी’ द्या. अडॅप्टरसमोर ४८०एम दिसलं, तर तो यूएसबी २वर चालतो आहे, पूर्ण गिगाबिट मिळणारच नाही. यूएसबी ३च्या पोर्टमध्ये लावा, ५०००एम दिसेल. अडॅप्टरही अर्थात यूएसबी ३चा हवा.

आणि केबल व वाय-फाय दोन्ही चालू असतील, तर वाहतूक कुठून जाते ते पाहा. ‘आयपी रूट गेट’ आणि पुढे बाहेरचा एखादा पत्ता. उत्तरात ‘डब्ल्यूएल’ आलं, तर तुम्ही इतका वेळ वाय-फायच मोजत होता.

शेवटी घर आणि बाहेर वेगळं करा. त्याच राउटरला केबलने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर ‘आयपर्फ३ डॅश एस’ चालवा, लॅपटॉपवर ‘आयपर्फ३ डॅश सी’ आणि त्या संगणकाचा पत्ता. यात इंटरनेट येतच नाही. पुन्हा एकदा शेवटी ‘डॅश आर’ लावून उलट्या दिशेनेही मोजा. दोन्हीकडे ९४०च्या आसपास आलं, तर लॅपटॉप, केबल आणि राउटरची पोर्टं निर्दोष. आता सेवा देणाऱ्याला फोन करा, आणि हे आकडे हाताशी ठेवा. ‘आधी तुमचा लॅपटॉप तपासा’ असं तिकडून आलं, की सांगता येईल, तपासला आहे.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी एकक, मग ईथटूल, मग केबल आणि पोर्ट, मग रूट, मग आयपर्फ३. ड्रायव्हरला हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर.